पाइपातला हिवाळा

रेडॉन गोठत नाही. हा वायू द्रवरूप व्हायला तापमान शून्याखाली ६२ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरावे लागते. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातला नीचांक टॉवर या गावी २ फेब्रुवारी १९९६ रोजी नोंदला गेला, तो उणे ५१ अंश. त्या पहाटेही रेडॉन वायूच होता. गोठते ते त्याच्यासोबत जमिनीतून वर आलेले पाणी. घराखालचा रेडॉन ओढून छपरावर सोडणाऱ्या पाइपात थंडीच्या दिवसांत दव धरते, दवाचे हिम होते, हिमाचा बर्फ होतो; आणि घराला त्या पाइपाची सर्वांत जास्त गरज असते नेमक्या त्याच आठवड्यात त्याचा गळा दाटून येतो. रेडॉन काढण्याचे तंत्र सोपे आहे. थंड प्रदेशात ते अवघड होते ते या अनाहूत पाण्यामुळे.

रेडॉनला रंग नाही, वास नाही, चव नाही. खडकात आणि मातीत सगळीकडे थोडेफार युरेनियम असते. त्याचा क्षय होत होत रेडियम तयार होते आणि रेडियमपासून रेडॉन. या लांबलचक वंशावळीत मागचे-पुढचे सगळे घन पदार्थ. मधला हा एकटा वायू. म्हणून बाकीचे जिथल्या तिथे खडकात अडकून राहतात आणि हा मातीच्या कणांमधल्या फटींतून वाट काढत निघतो. त्याचे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे. खडकातून निघून एखाद्या तळघरात पोचायला एवढी मुदत पुरते. श्वासाबरोबर आत गेलेला रेडॉन बहुतेक तसाच बाहेर पडतो. पण त्याच्या क्षयातून हवेत तयार झालेले पोलोनियमचे अणू फुप्फुसाच्या अस्तराला चिकटतात आणि तिथेच अल्फा कण सोडतात. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानानंतर दुसरा क्रमांक रेडॉनचा लागतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजाने त्या देशात त्यामुळे वर्षाला सुमारे २१,००० माणसे दगावतात.

या जातीचा वायू पहिल्यांदा ओळखला गेला तो वाऱ्याच्या झुळकीमुळे. १८९९ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रॉबर्ट ओवेन्स थोरियमची किरणोत्सारिता मोजत होते. मोजमाप काही केल्या स्थिर राहीना. खोलीचे दार उघडले, हवा हलली की आकडा बदलायचा. अर्नेस्ट रदरफर्ड यांनी त्याचा छडा लावला: थोरियमपासून वायूसारखे काहीतरी निघते, तेही किरणोत्सारी असते आणि वाऱ्याबरोबर वाहून जाते. पुढच्या वर्षी जर्मनीतल्या हाले शहरात फ्रीडरिश डोर्न यांना रेडियमपासूनही तसाच वायू निघताना दिसला. घराघरांत आज मोजला जातो तो हा, रेडियमचा. दार उघडे की बंद एवढ्यावरून ज्याचा आकडा हलतो, त्याच्या बंदोबस्ताचे शास्त्रही हवेच्या वाटा ओळखण्याचेच असणार.

हा वायू सामान्य माणसाच्या घरचा पाहुणा आहे, हे अमेरिकेतल्या लोकांना कळायला १९८४ साल उजाडावे लागले. पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज प्रकल्पावर स्टॅनली वॉट्रस नावाचे अभियंते काम करत होते. कामगारांच्या अंगावर किरणोत्सारी धूळ आहे का हे तपासणारी यंत्रे तिथे बसवली होती आणि वॉट्रस आले की ती ओरडत. एकदा त्यांनी प्रकल्पात शिरताशिरताच तपासणी करून घेतली, तरी यंत्र ओरडले. म्हणजे धूळ कामावरची नव्हती, घरची होती. त्यांच्या घरातल्या हवेत लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी रेडॉन निघाला. अमेरिकेत आज ४ पिकोक्युरीला उपाय करावा असे सांगितले जाते. त्याच्या हा जवळजवळ पावणेसातशे पट. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेने घरांतल्या रेडॉनविषयी कायदा केला. कॅनडाने २००७ पासून घनमीटरमागे २०० बेकरेल ही मर्यादा धरली. अमेरिकेचा आकडा त्याच मापात १४८ येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये १०० बेकरेलची शिफारस केली आणि ते जमत नसेल तरी ३०० च्या वर जाऊ नये असे सांगितले.

थंड प्रदेशातले घर हिवाळ्यात धुराड्यासारखे वागते. आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा तीस-चाळीस अंशांनी गरम असते. ती हलकी होऊन वर चढते आणि छपराजवळच्या फटींतून निसटते. तेवढी हवा खालून भरून निघावी लागते. तळघरात त्यामुळे किंचित ओढ तयार होते आणि काँक्रीटच्या कोब्यातल्या भेगा, भिंत आणि जमीन यांमधला सांधा, पाइप जातात तिथली भोके यांतून जमिनीतली हवा आत शिरते. अंगणातली माती तोवर गोठून दगड झालेली असते, वर बर्फाचा थर साचलेला असतो; घराखालची माती तेवढी उबदार आणि मोकळी राहते. जमिनीला श्वास सोडायला जवळची जागा एकच उरते, ती तळघर. त्यात खिडक्या-दारे घट्ट लावलेली. म्हणून बहुतेक घरांत रेडॉनचा आकडा थंडीत सर्वांत वर जातो. मिनेसोटात तपासलेल्या घरांपैकी पाचांतल्या दोन घरांत तो ४ पिकोक्युरीच्या वर निघतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यातले बरेच काही परके वाटेल, आणि त्याला भूगोलाचे कारण आहे. दख्खनच्या काळ्या बेसाल्टमध्ये ग्रॅनाइटच्या मानाने युरेनियम फार कमी असते. घरांना तळघरे क्वचित असतात. खिडक्या बारा महिने उघड्या. पण मिनीॲपोलिस, कॅल्गरी किंवा टोरंटोच्या उपनगरात घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाला तळघर हवेच असते. पाहुण्यांच्या अंथरुणांपासून कॅरमच्या फळीपर्यंत आणि मुलांच्या अभ्यासापासून महिन्याच्या भजनापर्यंत सगळे तिथेच चालते. घराच्या तपासणीच्या अहवालात रेडॉनचा आकडा येतो, आणि पाठोपाठ भिंतीतून वर जाणाऱ्या एका पांढऱ्या पाइपाचा खर्चही येतो.

त्या पाइपाची रचना अशी. तळघराच्या कोब्याला एक भोक पाडतात. त्याखालची खडी आणि माती थोडी उपसून लहानसा खड्डा करतात. भोकात तीन किंवा चार इंची पीव्हीसी पाइप बसवून सांधा पक्का बुजवतात. पाइपाच्या वाटेवर कुठेतरी एक पंखा असतो आणि तो वर्षाचे सगळे दिवस, रात्रंदिवस फिरतो. पंख्यामुळे कोब्याखालचा दाब तळघरातल्या दाबापेक्षा कमी होतो. भेगा तशाच असतात, पण त्यांतून वाहण्याची दिशा उलटते: जमिनीतली हवा घरात येण्याऐवजी घरातली थोडी हवा जमिनीत जाते आणि तिथून रेडॉनसह पाइपाने वर निघून जाते. अमेरिकी पद्धतीत पाइपाचे तोंड वळचणीच्या वर, जमिनीपासून निदान दहा फूट उंच आणि खिडक्यांपासून दूर ठेवतात.

तळघरात या पाइपावर इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची एक काचनळीसारखी पारदर्शक नळी लावलेली असते. तिच्यात रंगीत तेल असते. नळीचे एक टोक खोलीतल्या हवेला उघडे, दुसरे पाइपात. पंखा ओढत असला की एका बाजूचे तेल वर चढते, दुसऱ्या बाजूचे खाली उतरते. दोन्ही बाजू समपातळीत आल्या म्हणजे ओढ थांबली. बहुतेक घरांत हे अंतर इंच-दीड इंचाच्या आत असते. तेलाच्या पातळीतला एवढासा फरक हा साऱ्या व्यवस्थेच्या जिवंतपणाचा पुरावा, आणि पुढे पाइपात बर्फ धरला की पहिली बातमीही तोच देतो.

आता पाण्याकडे. कोब्याखालची हवा ओलसर खडीत आणि मातीत मुरलेली असल्याने बाष्पाने जवळजवळ भरलेली असते. तिचे तापमान हिवाळ्यातही दहा अंशांच्या आसपास धरता येते, कारण जमीन उन्हाळा लवकर विसरत नाही आणि वर गरम घर असते. दहा अंशांच्या अशा हवेच्या एका घनमीटरमध्ये ९.४ ग्रॅम बाष्प मावते. मध्यम ताकदीचा पंखा मिनिटाला पन्नास घनफूट, म्हणजे तासाला सुमारे ८५ घनमीटर हवा ओढतो. चोवीस तासांचा गुणाकार केला तर बाष्परूपात सुमारे १९ लिटर पाणी, एक मोठी बादली काठोकाठ भरेल इतके, रोज या पाइपातून जाते. भेगांतून घरातली कोरडी हवाही थोडी ओढली जात असल्याने खरा आकडा यापेक्षा कमी असतो. तरी पाइपातून जाणाऱ्या हवेबरोबर पाणीही जात असते, हे लक्षात ठेवूनच पुढचे सगळे आखावे लागते.

हवा थंड होते तशी तिची पाणी धरून ठेवण्याची ताकद घटते. शून्य अंशाला घनमीटरमागे ४.८ ग्रॅम उरते. उणे वीस अंशांना एक ग्रॅमही उरत नाही. या आकड्यांत गोठण्याचे सगळे गणित दडलेले आहे. दहा अंशांपासून शून्यापर्यंत उतरताना बाष्पाचा जवळजवळ अर्धा भाग पाण्याच्या थेंबांच्या रूपाने बाहेर पडतो. शून्याखाली जे पडते ते हिम म्हणून पडते. थेंब वाहतो. त्याला ढाळ मिळाला तर तो पाइपाच्या कडेने आला तसा खाली जमिनीत परत जातो. हिम जागचे हलत नाही. ते बसल्या जागी वाढते. पाइपातली हवा तोंडाशी पोचेपर्यंत शून्याच्या वर राखली, तर पाण्याचा एक भाग माघारी वळतो आणि उरलेला वाफेच्या रूपाने मोकळ्या आकाशात जातो. ती वाटेतच शून्याखाली गेली, तर पाइप स्वतःच हिवाळा साठवू लागतो.

शून्याच्या वर राहणे हा वेळेचा प्रश्न आहे. चार इंची पाइपातून मिनिटाला पन्नास घनफूट हवा जात असेल तर तिचा वेग सेकंदाला सुमारे तीन मीटर. भिंतीबाहेरचा सहा मीटर उंचीचा पाइप ती दोन सेकंदांत पार करते. बाहेर उणे तीस अंश असले तरी दोन सेकंदांत थंडीला फार काही करता येत नाही. पण चिकट मातीवर बांधलेल्या घरात पंख्याला हवाच मिळत नाही. मिनिटाला दहा घनफूट मिळाली तरी पुष्कळ. मग तोच प्रवास दहा सेकंदांचा होतो. शिवाय हवा थोडी म्हणजे तिच्याबरोबर आलेली उष्णताही थोडी. म्हणून जोराने वाहणारे पाइप सहसा तुंबत नाहीत. मंद, रेंगाळणारे तुंबतात. नदीच्या धारेपेक्षा डबके आधी गोठते, तसेच हे.

३० जानेवारी २०१९ रोजी मिनीॲपोलिसमध्ये पारा उणे ३३ अंशांवर उतरला होता. अशा रात्री भिंतीबाहेरच्या उघड्या पाइपात काय घडते ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. आरंभ तोंडापासून होतो, कारण हवा तिथे पोचते तेव्हा सर्वांत थंड झालेली असते आणि कडेला बाहेरचा वारा लागत असतो. आधी आतल्या कडेवर पिठी भुरभुरावी तसा पांढरा थर दिसतो. त्यावर हिमाचे पिसांसारखे तुरे उभे राहतात, आणि तुऱ्यांमुळे खडबडीत झालेल्या कडेवर पुढचे बाष्प आणखी सहज बसते. थर इंचभर जाड झाला की चार इंची पाइपाचे दोन इंची भोक उरते. क्षेत्रफळ चौथ्या हिश्शावर येते. वाट अरुंद झाली की हवा कमी वाहते. हवा कमी वाहिली की अधिक थंड होते. अधिक थंड झाली की आणखी हिम बसते. एकदा हे चक्र सुरू झाले की पाइप बुजायला फार वेळ लागत नाही.

पंख्याला खरा धोका थंडीच्या शिगेला नसतो, तो थंडी ओसरताना असतो. दुपारी ऊन पाइपावर पडते, कडेचा बर्फ भिंतीपासून सुटतो आणि खाली कोसळतो. खाली फिरता पंखा. पाती तुटतात, निदान पंखा तोल सोडून खडखडू लागतो. दुसरा प्रकार गुपचूप घडतो: वरून ओघळणारे पाणी पंख्याच्या पेटीत साचते, रात्री वीज गेली तर तिथेच गोठते, आणि वीज आल्यावर पाती जाम झालेली असतात.

यावरचा सर्वांत चांगला उपाय पाइप बसवण्याआधीच करायचा असतो, तो म्हणजे वाट निवडणे. पाइप घराच्या आतून, गरम खोल्यांच्या भिंतींमधून किंवा कपाटाच्या कोपऱ्यातून सरळ वर नेला तर त्याला थंडी फक्त छपराखालच्या माळ्यात आणि छपरावरच्या हात-दीड हात उंचीत भेटते. मिनेसोटाने २००९ पासून नव्या घरांत असा पाइप बांधतानाच घालण्याचा नियम केला. पंखा नसला तरी घराच्या उबेने पाइपातली हवा आपोआप वर चढते. आकडा खाली आला नाही तर माळ्यात नंतर पंखा बसवता येतो. जुन्या घरात भिंती फोडणे महाग पडते, म्हणून पाइप बाहेरच्या भिंतीवर चढवतात आणि बर्फाची कटकट तिथूनच सुरू होते. बाहेरून नेणे भागच असेल तर दक्षिणेकडची, उन्हाची आणि वाऱ्याच्या आडोशाची भिंत बरी.

बाहेरच्या पाइपावर पुष्कळदा पन्हळीच्या पाइपासारखा चौकोनी ॲल्युमिनियमचा पाइप वापरतात, कारण तो घराच्या पागोळ्या उतरवणाऱ्या पाइपांच्या रांगेत खपून जातो. दिसायला तो चांगला, थंडीसाठी वाईट. ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता पीव्हीसीच्या सुमारे हजारपट; त्याचा पातळ पत्रा क्षणात बाहेरच्या हवेइतका थंड होतो. कडाक्याच्या थंडीच्या गावात जाड भिंतीचा पीव्हीसी पाइप घ्यावा आणि त्यावर बंद पेशींच्या फोमचे वेष्टण घालून वर ऊन-पावसाला टिकणारे आवरण चढवावे. वेष्टणाने उष्णता निर्माण होत नाही. जमिनीची जी ऊब हवेबरोबर आली आहे ती तोंडापर्यंत पुरवून वापरता येते, इतकेच. वेष्टणाच्या सांध्यात बोटभर फट राहिली तरी नेमक्या त्या ठिकाणी आत बर्फाचे कडे तयार होते. गार माळ्यातला पाइपही विसरून चालत नाही. तिथेही वेष्टण लागतेच.

मग ढाळ. पाइपाचा आडवा भाग कुठेही असो, त्याला जमिनीतल्या भोकाकडे उतार हवा. फुटामागे पाव इंच चांगला, निदान अष्टमांश इंच तरी. हे काम पाणसळ लावून करावे लागते, डोळ्यांच्या अंदाजाने होत नाही. तुळईला वळसा घालताना पाइप कुठे खाली झुकला, तर त्या झोळात पाणी साचते. तो झोळ घरात असला तरी पाण्याने भरून हवा अडते. गार माळ्यात असला तर पाणी गोठून पाइप फुटतो. वरच्या उभ्या भागातून ओघळणारे पाणी पंख्यातून जाऊ नये म्हणून पंख्याच्या वर एक वाटीसारखे कडे बसवतात. त्यात जमलेले पाणी बारीक नळीने पंख्याला बगल देऊन खालच्या पाइपात सोडतात. ही नळी इतकी अरुंद असते की उघडी ठेवली तर सर्वांत आधी तीच गोठते. पंखा नेहमी उभ्या पाइपात सरळ बसवावा. आडवा बसवला तर त्याच्या पेटीचेच भांडे होते.

पाइपाच्या तोंडावर लोकांचा हात नकळत टोपीकडे जातो. पाऊस आत जाईल, ही भीती. हिशेब केला तर भीती उरत नाही: एक इंच पाऊस पडला तरी चार इंची पाइपात पाव लिटरही पाणी जात नाही, पेलाभर म्हणावे इतके. रोज खालून येणाऱ्या पाण्यापुढे त्याची काय कथा. उलट टोपीला वर जाणारी ओली हवा आदळते, थांबते आणि तिथे बर्फाचे छत्र धरते. पक्षी-खारींसाठी बसवलेली बारीक जाळी तर एका रात्रीत पांढरी पाटी होऊन बसते. तोंड उघडे ठेवावे. जाळी लागणारच असेल तर अर्ध्या इंचाच्या मोठ्या छिद्रांची घ्यावी.

पंखा कुठे ठेवायचा, यावर दोन शेजारी देशांनी वेगळी उत्तरे दिली आहेत आणि दोघांच्या उत्तरामागे एकेक भीती आहे. पंख्याच्या खालच्या पाइपात ओढ असते, वरच्या पाइपात दाब. वरचा सांधा सुटला तर भरपूर रेडॉन असलेली हवा थेट घरात फेकली जाईल. म्हणून अमेरिकेत पंखा राहत्या जागेत ठेवत नाहीत. माळ्यात किंवा घराबाहेर ठेवतात. कॅनडात गळतीपेक्षा गोठण्याची धास्ती मोठी. तिथे पुष्कळ घरांत पंखा तळघरातच, उबेत ठेवतात. त्याची पेटी आणि सांधे हवाबंद करतात, आणि पाइप छपरापर्यंत न नेता तळघराच्या माथ्याशी भिंतीतून आडवा बाहेर काढतात. बाहेर काढलेला तुकडा वीतभर. थंडीला पकडायला पाइपच उरत नाही. तोंडातून जोराने सुटलेल्या हवेतला रेडॉन काही फुटांच्या आत विरळ होतो, मात्र ते तोंड खिडक्यांपासून आणि बसण्या-उठण्याच्या जागेपासून दूर असावे लागते. पायवाटेजवळ तर ते नकोच, कारण बाहेर पडलेले बाष्प समोरच्या फरशीवर गोठते आणि घर रेडॉनपासून वाचवून माणूस दारात घसरून पडतो.

एवढे करूनही पाइप गोठत असेल तर विजेची तापणारी तार हा शेवटचा उपाय. थंडीप्रमाणे स्वतःची उष्णता कमी-जास्त करणारी तार पाइपाला लावून वर वेष्टण घालतात. प्लॅस्टिकच्या पाइपाला चालणारीच तार घ्यावी लागते, कारण पीव्हीसी उष्णतेने मऊ पडते. ही तार घातली म्हणून चुकलेला ढाळ सुधारत नाही. ती फक्त विजेच्या बिलात भर घालून चूक झाकते.

कमी वाहणारा पाइप गोठतो, तर मोठा पंखा बसवावा, असा सोपा निष्कर्ष कोणीही काढेल. त्यालाही मर्यादा आहेत. मातीच हवा देत नसेल तर मोठ्या पंख्याने ओढ वाढते, वाहणे फारसे वाढत नाही. माती मोकळी असेल तर गरजेबाहेरचा पंखा घरातली गरम केलेली हवा भेगांतून ओढून आकाशात सोडतो, पायाशेजारच्या मातीतून बाहेरची बर्फाळ हवा खाली खेचून कोब्याखालची जमीन गार करतो, आणि तळघरातल्या गॅसच्या गीझरचा धूर चिमणीने वर जाण्याऐवजी उलटा घरात येण्याची वेळ आणतो. तेव्हा आधी भेगा आणि सांधे बुजवावेत, कोब्याखाली हवा किती मोकळी फिरते ते तपासावे आणि त्या मापाचा पंखा घ्यावा.

यानंतरची राखण सोपी आहे. ती विसरली जाते एवढेच. कडाक्याच्या थंडीत आठवड्यातून एकदा तळघरातल्या त्या यू नळीकडे पाहावे. नेहमीची पातळी कोणती याची पेन्सिलीने खूण केलेली असावी. तेल समपातळीकडे सरकू लागले तर अडथळा नळीच्या वर, म्हणजे पंख्यात किंवा तोंडाशी आहे. फरक नेहमीपेक्षा वाढला तर अडथळा नळीच्या खाली आहे. बहुधा एखाद्या झोळात पाणी साचले आहे. पंखा गुणगुणतो आहे यावर विसंबू नये. पूर्ण बुजलेल्या पाइपातही तो गुणगुणतच राहतो. फक्त त्याचा सूर बदलतो, आणि रोजच्या आवाजाची सवय असलेला कान तो बदल टिपतो.

थंडीत पंखा बंद ठेवण्याचा मोह टाळावा. बंद पंख्याच्या पाइपातून ओली हवा संथपणे वर चढतच राहते आणि गोठायला तिला हवा तेवढा वेळ मिळतो. आत बर्फाचे तुकडे खडखडत असतील तेव्हा मात्र पाती वाचवण्यासाठी पंखा थांबवावा, पाइप मोकळा होऊ द्यावा आणि लगेच पुन्हा सुरू करावा. उकळते पाणी ओतू नये, पाइप ठोकू नये. थंडीत प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते. बुजलेल्या पाइपाचे घर तेवढे दिवस असुरक्षित राहते, पण रेडॉनचा धोका वर्षानुवर्षांच्या श्वासांचा आहे. दोन-तीन दिवसांच्या खंडाने घाबरण्याचे कारण नाही. दर हिवाळ्यात महिनाभर खंड पडत असेल तर मात्र ती व्यवस्था अपुरीच म्हणायची.

शेवटची खात्री मोजमापानेच होते, आणि ते हिवाळ्यात केले तरच त्याला अर्थ. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असताना काढलेला आकडा घराची स्तुती करतो. जानेवारीत बंद घरात, तळघराच्या राहत्या खोलीत ठेवलेले मापक खरे बोलते. दर दोन वर्षांनी, आणि पाइपात किंवा घराच्या बांधणीत काही बदल केला की लगेच, ही चाचणी पुन्हा करावी. वाट, वेष्टण, ढाळ आणि तोंड या चारही गोष्टी जमून आल्या असतील तर उणे तीसच्या सकाळी छपरावरच्या पाइपातून पांढऱ्या वाफेची एक सरळ रेघ वर जाताना दिसते. तिच्याबरोबर न गेलेले पाणी त्याच वेळी पाइपाच्या आतल्या कडेने ओघळत, कोब्याखालच्या खडीत परत उतरत असते.